हात मोकळे झाले, पण हाताला काही लागेना: किनेक्टचं प्रकरण

जून २००९ मध्ये लॉस एंजेलिसला ई-३ या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने मायक्रोसॉफ्टने एक चित्रफीत दाखवली. पडद्यावर मायलो नावाचा, संगणकाने घडवलेला एक लहान मुलगा. पडद्यासमोर एक बाई उभी, हातात कंट्रोलर नाही, काहीच नाही. मायलो तिच्याशी गप्पा मारतो, तिला पाण्यापाशी बोलावतो आणि पोहताना घालायचा चष्मा तिच्याकडे भिरकावतो. ती पटकन पुढे होऊन तो घ्यायला हात खाली नेते. हा प्रयोग करणारे गेम-डिझायनर पीटर मॉलिन्यू यांनी नेमका तोच क्षण प्रेक्षकांच्या नजरेस आणून दिला: जवळपास प्रत्येक माणूस इथे असाच हात पुढे करतो.

कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायची खेळयंत्रं, बनवणाऱ्या कंपन्या ज्याच्या मागे वर्षानुवर्षं धावत आहेत ते सगळं त्या एका हालचालीत होतं. समोर काच आहे हे ठाऊक असूनही शरीर विसरलं. पण त्याच हालचालीत पुढच्या आठ वर्षांच्या अपयशाचं मूळही होतं. हात पुढे गेला, बोटं मिटली आणि मुठीत काहीच आलं नाही.

'प्रोजेक्ट नेटाल' या नावाने दाखवलेलं हे उपकरण, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० कन्सोलला जोडायचा, शरीराची हालचाल ओळखणारा कॅमेरा, पुढे 'किनेक्ट' म्हणून बाजारात आलं. मायलोचा खेळ मात्र कधीच आला नाही. किनेक्ट का फसलं याची कारणं सांगताना किंमत, खोलीत लागणारी जागा आणि घरात कायम जागा राहणारा कॅमेरा ही तीन नावं हमखास घेतली जातात. तिन्ही खरी आहेत. तरी मला ती दुय्यम वाटतात. खेळात माणूस रंगतो तो नुसता आपण केलेली हालचाल खेळाला कळली म्हणून नाही, तर खेळाकडून शरीराला उत्तर आलं म्हणून. किनेक्टने एक बाजू कमालीची सुधारली आणि दुसरी पुसूनच टाकली.

वीकडून घेतलेला अर्धा धडा

२००६ च्या नोव्हेंबरमध्ये निन्टेंडोचं वी हे खेळयंत्र आलं आणि कन्सोलच्या धंद्याचं गणित बदललं. मनगट फिरवलं की टेनिसची रॅकेट फिरते, हे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना न शिकवता कळलं. पुढे जगभरात १० कोटींहून अधिक वी विकले गेले. मायक्रोसॉफ्ट आणि सोनी या दोघांनाही त्याला उत्तर द्यावं लागणार हे उघड होतं. सोनीने २००३ मध्येच प्लेस्टेशन २ साठी आयटॉय नावाचा साधा कॅमेरा विकला होता, पण २०१० मध्ये प्लेस्टेशन मूव्ह आणताना तिने खेळाडूच्या हातात कांडी ठेवलीच. मायक्रोसॉफ्टने उलटा विचार केला. वीचा रिमोट लोकांना आवडतो तो बटणं कमी केल्यामुळे. मग शेवटचं बटणही काढून टाकलं तर? जाहिरातीतली ओळ होती, 'तुम्हीच कंट्रोलर'.

इथेच वीच्या यशाचं वाचन चुकलं असं माझं मत आहे. वी आल्यावर महिन्याभरात निन्टेंडोला रिमोटच्या मनगटपट्ट्या बदलून द्याव्या लागल्या, तब्बल ३२ लाख. लोक खेळताना इतके बेभान होत होते की रिमोट हातातून सुटायचे, पट्टी तुटायची आणि रिमोट भिंतीवर किंवा टीव्हीवर जाऊन आदळायचा. कंपनीला तो डोकेदुखीचा प्रकार वाटला असणार, पण त्यातून एक गोष्ट दिसत होती. त्या रिमोटला वजन होतं, मुठीत धरायला आकार होता, आत कंप निर्माण करणारी छोटी मोटर होती आणि एक बारका स्पीकरही होता. चेंडू लागला की रिमोट थरथरायचा आणि टप्प असा आवाज टीव्हीतून न येता थेट हातातून यायचा. वीने बटणं कमी केली, पण हाताला धरायला काहीतरी ठेवलं. मायक्रोसॉफ्टने यातला पहिला अर्धाच भाग उचलला.

यंत्र खरोखर अप्रतिम होतं

किनेक्टच्या तंत्राबद्दल आदराने बोलायला हवं, कारण असं काम घरगुती खेळण्यात त्याआधी कुणी केलं नव्हतं. पहिल्या किनेक्टचा अंतर मोजणारा सेन्सर प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीच्या तंत्रावर बेतलेला होता. तो खोलीभर डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाच्या ठिपक्यांची नक्षी टाकायचा, दुसऱ्या कॅमेऱ्याने ती नक्षी कुठे किती सरकली हे पाहायचा आणि त्यावरून प्रत्येक बिंदू किती अंतरावर आहे हे काढायचा. सेकंदाला ३० वेळा.

अंतराचा नकाशा मिळाला तरी त्यात माणूस कुठे आणि त्याचं कोपर कुठे, हा खरा अवघड प्रश्न होता. तो मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांनी सोडवला, आणि सोडवण्याची रीत देखणी होती. त्यांनी माणसांच्या हालचालींच्या सुमारे ५ लाख नोंदी गोळा केल्या, त्यातून एकमेकींपासून वेगळ्या अशा साधारण १ लाख शरीरस्थिती निवडल्या आणि त्या उंच, बुटक्या, जाड, बारीक अशा निरनिराळ्या संगणकीय देहांवर बसवून कृत्रिम अंतर-चित्रं तयार केली. अशा १० लाख चित्रांवर त्यांनी निर्णयवृक्ष, म्हणजे हो-नाही अशा प्रश्नांच्या साखळीने उत्तराकडे नेणाऱ्या पद्धती, शिकवले. हजार प्रोसेसर-गाभ्यांच्या (कोअरच्या) संगणकसमूहाला त्यासाठी साधारण एक दिवस लागला. शिकून तयार झालेली पद्धत चित्रातला प्रत्येक ठिपका घेऊन तो शरीराच्या ३१ भागांपैकी कोणत्या भागाचा असावा याचा अंदाज बांधायची आणि त्यावरून सांध्यांच्या जागा ठरवायची. एक्सबॉक्स ३६० च्या चित्र-प्रोसेसरवर हे काम ५ मिलिसेकंदांच्या आत व्हायचं. मागच्या चित्राची आठवण न ठेवता प्रत्येक चित्र नव्याने वाचलं जायचं, त्यामुळे खेळाडू मध्येच खोलीबाहेर जाऊन परत आला तरी गाडी अडत नसे.

४ नोव्हेंबर २०१० ला किनेक्ट अमेरिकेत सुमारे १५० डॉलरला विक्रीस आलं. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख नग गेले, म्हणजे दिवसाला सरासरी १,३३,३३३. सर्वांत वेगाने विकलं गेलेलं ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक उपकरण म्हणून गिनीजने त्याची नोंद केली. अपयशाची चर्चा करताना हा आकडा विसरून चालत नाही. लोकांना हे हवं होतं, आणि त्यांनी पैसे मोजून ते घरी नेलं.

खेळायला बसल्यावर

घरी नेल्यावर काय झालं ते खेळांकडे बघून समजतं. एका माणसाला सेन्सरपासून साधारण ६ फूट लांब उभं राहावं लागे, दोघांना ८ फूट. सोफा सरकवणं आलं, टेबल उचलणं आलं. ते एक वेळ चाललं असतं. अडचण पुढची होती: मोकळ्या हातांनी खेळात चालायचं कसं? कंट्रोलरवर अंगठ्याने काडी पुढे ढकलली की पात्र चालतं. किनेक्टसमोर खरंखुरं चालायला लागलात तर दोन पावलांत टीव्हीवर आपटाल. म्हणून बहुतेक खेळांनी खेळाडूला रुळावर बसवलं. पात्र आपोआप पुढे सरकणार, तुम्ही फक्त हात हलवायचे. २०१२ मधल्या 'फेबल: द जर्नी'मध्ये तुम्ही घोडागाडी हाकता. लगाम धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करून बसायचं. खऱ्या लगामाला घोड्याचा ताण असतो, त्या ताणावर हात थोडा विसावतो, आणि घोडा बिचकला तर तो आधी तळव्याला कळतो. इथे हात हवेत धरून ठेवायचे, खांदे भरून येईपर्यंत.

मेनूतून निवड करणंही जड जायचं. सुरुवातीच्या किनेक्टला हात दिसायचा, बोटं नीट दिसायची नाहीत. म्हणून चित्रावर हात नेऊन तो तिथेच स्थिर धरायचा, भोवतीचं वर्तुळ भरेपर्यंत. बटण दाबल्यावर ते खाली जातं, टक् वाजतं, आणि दाबलं गेलं याची खात्री मेंदूला डोळ्यांआधी बोटाकडून मिळते. हवेत धरलेल्या हाताला अशी खात्री कुणीच देत नाही. आपण बरोबर करतोय का हे पुन्हा पुन्हा पडद्यावर बघून ठरवावं लागतं, आणि ज्या क्षणी तुम्ही 'मला त्याने पाहिलं का' असा विचार करता, त्या क्षणी तुम्ही खेळाच्या जगातून उठून पुन्हा सोफ्यासमोर उभे असता. त्यात हालचाल आणि पडद्यावरचा परिणाम यांच्यात सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून जास्त वेळ जायचा. अंधारात पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसा शरीराचा विश्वास दर वेळी थोडा डगमगायचा.

या सगळ्याला एक ठसठशीत अपवाद होता: हार्मोनिक्स कंपनीचा 'डान्स सेंट्रल'. किनेक्टबरोबरच आलेला हा नाचाचा खेळ आजही लोक प्रेमाने आठवतात. तो का जमला याकडे नीट बघितलं पाहिजे. नाचताना हातात काही धरायचंच नसतं. प्रतिसाद देतं ते आपलंच शरीर: पायाखालची जमीन, हातांचा झोका, गाण्याचा ठेका. पुढची पावलं कोणती हे पडद्याच्या कडेला आधीच दिसत असल्यामुळे उशीर जाणवत नसे. तुम्ही ठेक्यावर नाचत राहायचं, खेळ मागून हिशेब करत राहायचा. आणि एखादा हात चुकला तर पडद्यावरच्या नर्तकाचा तोच हात लाल व्हायचा, म्हणजे चूक नेमकी कुठे हे न थांबता कळायचं. उपकरणाची मर्यादा ओळखून तिला लागू पडणारा विषय निवडणं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला गेमिंगमध्ये सापडत नाही. पण सगळे खेळ नाचाचे करता येत नाहीत.

एकाच रणगाड्याच्या दोन आवृत्त्या

या प्रकरणातला सगळ्यात बोलका पुरावा 'स्टील बटॅलियन' या मालिकेत आहे. कॅपकॉम कंपनीने २००२ मध्ये पहिल्या एक्सबॉक्ससाठी हा खेळ काढला तेव्हा तो स्वतःच्या खास कंट्रोलरसकट २०० डॉलरला विकला. कंट्रोलर कसला, टेबलभर पसरलेलं चालककक्षच ते: दोन मोठ्या दांड्या, सुमारे ४० बटणं आणि जमिनीवर ठेवायची ३ पेडलं. खेळातला रणगाड्यासारखा महाकाय यंत्रमानव सुरू करायलाच एकेक कळ क्रमाने दाबावी लागे. एका झाकणाखाली जीव वाचवून बाहेर पडायचं बटण होतं. यंत्र फुटायच्या आत झाकण उचलून ते दाबलं नाही, तर तुमचा चालक मरायचा आणि त्याच्याबरोबर तुमची साठवलेली प्रगतीही पुसली जायची. कल्पना करा, धोक्याचे दिवे लुकलुकताहेत, आणि तुमचा हात एका खऱ्याखुऱ्या झाकणावर आहे, अजून एक गोळा मारावा की आता पळावं. तिथे ना कॅमेरा होता, ना अंतर मोजणारा सेन्सर. प्लॅस्टिकचं एक झाकण आणि त्याखालचं बटण, बस्स. पण हात घामेजायचे.

२०१२ च्या जूनमध्ये याच मालिकेचा 'हेवी आर्मर' आला, या वेळी किनेक्टसाठी, आणि बनवणारी कंपनी फ्रॉमसॉफ्टवेअरसारखी मुरलेली. चालणं आणि गोळीबार साध्या कंट्रोलरवर, पण चालककक्षातल्या बाकीच्या गोष्टी हवेत हात फिरवून करायच्या: दुर्बीण खाली ओढणं, खिडकीची झडप लावणं, आतला धूर बाहेर काढणं. कागदावर ही पहिल्या खेळाच्या कितीतरी पुढची पायरी होती. प्रत्यक्षात समीक्षकांनी आणि खेळाडूंनी एकच तक्रार लावून धरली: झडप लावायला हात पुढे करावा तर भलतीच दांडी ओढली जाते. एकमेकांजवळच्या दोन गोष्टींतला फरक खऱ्या कक्षात हाताला स्पर्शाने कळतो, न बघताही कळतो. हवेत सगळ्या जागा सारख्याच.

दोन्ही खेळांत खेळाडूला करायचं काम बरंचसं एकच होतं. फरक इतकाच की एकात वस्तू होत्या आणि दुसऱ्यात त्यांचे हावभाव. म्हणून या जोडीला मी विक्रीच्या कोणत्याही आकड्यापेक्षा जास्त वजन देतो.

सक्ती आणि माघार

पुढचा भाग धंद्याचा आहे आणि तो बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. २१ मे २०१३ ला मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला. किनेक्टची सुधारलेली आवृत्ती प्रत्येक खोक्यात असणार होती आणि ती जोडल्याशिवाय कन्सोल चालणार नव्हता. पुढच्याच महिन्यात अमेरिकी सरकारच्या पाळतीची कागदपत्रं जगभर छापून येऊ लागली. दिवाणखान्यात सदैव कान देऊन बसलेल्या उपकरणासाठी याहून वाईट वेळ नव्हती. ऑगस्टपर्यंत कंपनीने जोडण्याची सक्ती मागे घेतली, पण खोक्यातून किनेक्ट काढला नाही. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये एक्सबॉक्स वनची किंमत ४९९ डॉलर राहिली आणि प्लेस्टेशन ४ ची ३९९.

मे २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने किनेक्टशिवायचा कन्सोल ३९९ डॉलरला जाहीर केला. त्याच सुमारास, किनेक्टसाठी राखून ठेवलेली चित्र-प्रोसेसरची सुमारे १० टक्के ताकद खेळ बनवणाऱ्यांना मोकळी करून दिली गेली. कॅमेऱ्याने तल्लीनता वाढणार म्हणून त्याला दिलेला वाटा, शेवटी चित्र स्वच्छ दिसावं म्हणून परत घेतला गेला. २०१६ च्या एक्सबॉक्स वन एसवर किनेक्टची खोबणच नव्हती. ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्पादन थांबलं. तोवर सुमारे साडेतीन कोटी किनेक्ट विकले गेले होते.

जिथे स्पर्श नकोच होता

किनेक्ट मेलं असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. विक्रीस आल्यावर आठवड्याभरातच बाहेरच्या हौशी प्रोग्रॅमरांनी ते संगणकाला जोडून दाखवलं, कारण १५० डॉलरमध्ये अंतर मोजणारा असा कॅमेरा तोवर कुणालाच मिळत नव्हता. यंत्रमानवांच्या प्रयोगशाळांनी त्याला डोळे म्हणून लावलं. शस्त्रक्रियेच्या खोलीत, हातमोजे घातलेल्या सर्जनला कळफलकाला हात न लावता स्कॅन पुढेमागे करता यावं यासाठी त्याचे प्रयोग झाले. हातापायाची हालचाल परत मिळवू पाहणाऱ्या रुग्णांच्या व्यायामासाठीही ते वापरलं गेलं. प्राइमसेन्स कंपनी २०१३ मध्ये ॲपलने विकत घेतली, आणि चार वर्षांनी आयफोन टेनमध्ये चेहरा ओळखण्यासाठी न दिसणाऱ्या ठिपक्यांची नक्षी पुन्हा दिसली, या वेळी तळहाताएवढ्या यंत्रात.

या उपयोगांत एक धागा आहे. सर्जनला स्पर्श नकोच असतो. यंत्रमानवाला फक्त बघायचं असतं. फोनला चेहरा ओळखायचा असतो, चेहऱ्याला फोनकडून धक्का नको असतो. जिथे माहिती एकाच दिशेने जायची होती तिथे हे तंत्र सोन्यासारखं ठरलं.

हाताला दिलेलं उत्तर

कंपनाची गोष्ट किनेक्टच्या कितीतरी आधीची आहे. १९९७ मध्ये निन्टेंडोने एन ६४ या कन्सोलच्या कंट्रोलरला कंप देणारा रंबल पॅक आणला, त्याच वर्षी सोनीचा ड्युअलशॉक हा कंप देणारा कंट्रोलर आला. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ चा पहिला कंट्रोलर कंपाशिवाय निघाला, तेव्हा खेळाडूंनी इतकी नाराजी दाखवली की दीड वर्षाच्या आत कंप परत आणावा लागला. धक्का असा की त्या कंट्रोलरमध्ये हालचाल ओळखणारे नवे सेन्सर होते. खेळाला जास्त कळत होतं आणि हाताला कमी. लोकांनी तेव्हाच कौल दिला होता.

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन ५ बरोबर आलेल्या ड्युअलसेन्स या कंट्रोलरने या कौलाचा नीट विचार केलेला दिसतो. जुन्या कंट्रोलरात असमतोल वजन फिरवणाऱ्या मोटरी असत. त्या सुरू व्हायला आणि थांबायला वेळ घेत, म्हणून सगळे धक्के एकाच जाडीचे वाटत. ड्युअलसेन्समध्ये स्पीकरसारखं, विद्युतप्रवाहाने मागेपुढे होणारं साधन आहे, त्यामुळे बारीक आणि जाड, दोन्ही कंप वेगळे उमटतात. कन्सोलमध्ये आधीच भरून दिलेल्या 'ॲस्ट्रोज प्लेरूम'मध्ये वाळूतून चालणं आणि काचेवरून चालणं तळव्यांना वेगवेगळं लागतं. ट्रिगरच्या, म्हणजे बोटाने ओढायच्या बटणाच्या, मागे छोटी मोटर आहे. खेळात धनुष्य ताणलं की ट्रिगर बोटाला विरोध करतो, आणि बाण सुटला की तो विरोध एकदम नाहीसा होतो.

मला यात सर्वांत शहाणपणाचं वाटतं ते हे की ड्युअलसेन्स आधी एक साधा, भरवशाचा कंट्रोलर आहे. खेळ बनवणाऱ्याने नवे कंप वापरले नाहीत तरी काही बिघडत नाही. ज्याचं बोट दुखतं किंवा ज्याला स्पर्धेत पटापट गोळ्या मारायच्या आहेत तो ट्रिगरचा विरोध सेटिंगमध्ये जाऊन बंद करतो. किनेक्टला ही सोय नव्हती, कारण ते बंद केलं की खेळायला काही उरतच नसे. ड्युअलसेन्सवरही माझी तक्रार आहे: सोनीच्या स्वतःच्या स्टुडिओंबाहेर कित्येक खेळ ही यंत्रणा जुन्या थरथरीसारखीच वापरतात, आणि हे काम ध्वनीइतक्या बारकाईने करणारी वेगळी माणसं स्टुडिओंनी ठेवल्याशिवाय ते सुधारणार नाही.

निन्टेंडोने हा प्रश्न २०१७ च्या स्विच या कन्सोलमध्ये एकाच कंट्रोलरात दोन्ही बाजूंनी तपासला. त्याच्या जॉय-कॉन या छोट्या कंट्रोलरच्या जोडीतल्या उजव्याच्या टोकाला हाताचे आकार ओळखणारा इन्फ्रारेड कॅमेरा होता, आणि दोन्ही जॉय-कॉनमध्ये सूक्ष्म कंपनाची यंत्रणा. कॅमेऱ्याचा उपयोग करणारे खेळ मोजकेच निघाले. जून २०२५ मध्ये स्विच २ आला तेव्हा त्याच्या नव्या जॉय-कॉनमधून तो कॅमेरा काढून टाकला होता, आणि कंपनाची यंत्रणा सुधारून ठेवली होती.